वाटसरू आणि राखणदार

देव सर्वत्र भरून राहिला आहे असे एकदा मानले, तर एखादी जागा दुसऱ्या जागेपेक्षा अधिक पवित्र कशी ठरते, आणि ती तशी ठरत असेल, तर तिच्यावरून नुसत्या जाणाऱ्या माणसावर त्या पावित्र्याचे काही बंधन येते का, हा भारतीय धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. त्याची चर्चा मात्र बहुतेक वेळा तीर्थक्षेत्रांच्या अनुषंगाने झाली, म्हणजे काशी, पंढरपूर, रामेश्वर अशा, जिथे पोहोचण्यासाठीच माणूस घर सोडतो त्या स्थळांच्या अनुषंगाने. घर आणि क्षेत्र यांच्या मधली भूमी, म्हणजे घाट, सडा, मळा, ओढा, दुसऱ्या कुणाच्या तरी गावाची शीव, जी प्रवासी केवळ ओलांडून पुढे जातो, तिचा विचार त्या चर्चेत क्वचितच होतो. उत्तर गोव्यातील डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांच्या धर्मव्यवहाराने नेमका या मधल्या भूमीचा विचार केलेला दिसतो. तो ग्रंथांत न मांडता रीतींत मुरलेला असल्यामुळे त्याची तात्त्विक दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

या विचाराचे वेगळेपण कळण्यासाठी आजच्या मराठी प्रवाशाच्या चांगल्या ओळखीच्या एका दृश्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. मुन्नार, कुन्नूर किंवा दार्जिलिंग यांसारख्या डोंगरी गावाकडे जाणारा रस्ता चहाच्या मळ्यांतून वळणे घेत चढतो, आणि गाडीच्या काचेतून दोन्ही अंगांना एकसारख्या उंचीच्या झुडपांनी झाकलेले उतार दिसत राहतात. चहाचे झाड मोकळे सोडले तर माणसाच्या डोक्यावरून खूप उंच जाते. मळ्यात त्याला ठरावीक काळाने छाटून कंबरेच्या उंचीवर धरून ठेवतात, म्हणजे दोन कोवळी पाने आणि कळी यांचा शेंडा खुडणाऱ्या हाताला सहज लागतो. दक्षिणेतील मळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा आहे. प्रवाशाला निसर्ग म्हणून जे दिसते ते जंगल तोडून, एकाच पिकासाठी, दुरून आणलेल्या मजुरांच्या हातांनी आखून घेतलेले शेत असते. त्याचे सौंदर्य खोटे आहे असे मुळीच नाही, आणि सकाळच्या धुक्यात त्या उतारांकडे पाहून ज्याचे मन निवत नाही असा माणूस विरळा. परंतु त्या भूमीवरून जाताना प्रवाशाला कुणाला काही विचारावे लागत नाही, आणि कंपनीच्या मालकीपलीकडे त्या डोंगराला कुणी धनी असू शकतो याची आठवणही त्याला होत नाही. ती झाली ती मजुरांना. तमिळ मुलखातून मुन्नारसारख्या दक्षिणेतील डोंगरांत आलेल्या कुटुंबांनी मारिअम्मन या आपल्या ग्रामदेवतेची लहान लहान देवळे मळ्यांच्या वस्त्यांत उभी केली. ज्यांना त्या मातीत राहायचे, बाळंत व्हायचे आणि मरायचे होते, त्यांना त्या मातीत कुणीतरी असावे असे वाटले.

गोव्यात चहाचा मळा नाही. तिथल्या डोंगरउतारावरच्या बागायतीला कुळागर म्हणतात, आणि चहाच्या मळ्याशी त्याची तुलना केली की दोन प्रकारच्या भूमिदृष्टी समोरासमोर येतात. जिथे डोंगराच्या कुशीत बारमाही झर असते तिथे कुळागर धरते; झरीचे पाणी मातीच्या पाटांनी पायरीपायरीने खाली उतरवतात आणि त्या ओलाव्यावर पोफळी, माड, केळी, फणस, भिरंड म्हणजे कोकम, जायफळ, अननस अशी झाडे एकमेकांच्या सावलीत वाढतात. पोफळीच्या सरळ खोडावर मिरीची वेल चढवलेली असते, खाली केळीच्या पानांनी ऊन गाळून घेतलेले असते, आणि प्रत्येक झाडाला त्याची स्वतःची उंची गाठू दिलेली असते. वर डोंगर जितके पाणी सोडेल तितकेच खाली कुळागर, हा त्याचा हिशेब, म्हणून तिथे काम करणाऱ्याची नजर नेहमी वरच्या रानाकडे असते. अनेक ठिकाणी झरीच्या बाजूला एखादा पाषाण किंवा जुने झाड राखणदाराचे म्हणून राखलेले असते.

राखणदार हा शब्द येथे नीट समजून घ्यायला हवा. संस्कृत ग्रंथांतील क्षेत्रपाल, म्हणजे विशिष्ट भूमीचे रक्षण करणारी गौण देवता, या कल्पनेशी त्याचे नाते आहे. पण गोमंतकातील आणि लगतच्या सिंधुदुर्गातील राखणदार हा देवळाच्या दाराशी उभा राहणारा पहारेकरी नसून गावाच्या शिवेतून रात्री प्रत्यक्ष फिरणारा असा मानलेला आहे. कुठे त्याला देवचार म्हणतात, कुठे जागेवाला. त्याला नारळ, जाड भाकरीसारखा रोट, विडी आणि दारू दिली जाते, म्हणजे रात्रपाळी करणाऱ्या कष्टकऱ्याला जे द्यावे तेच दिले जाते. पेडणे तालुक्याच्या उत्तरेला, वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथील वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, आणि देव रात्री गावाच्या हद्दीतून फिरतो म्हणून त्या वहाणांचे तळवे झिजतात अशी तिथली श्रद्धा आहे. वहाणेचा झिजलेला तळवा हा या श्रद्धेतील फार मोलाचा तपशील होय. इतरत्र देव भक्ताला आपल्याकडे चालत यायला लावतो. येथे चालण्याचे कष्ट देवाने स्वतःकडे घेतले आहेत, आणि त्या कष्टांची खूण माणसाच्या पायताणावर उमटावी तशीच देवाच्या पायताणावर उमटते.

राखणदार फिरतो, तर सातेरी बसलेली असते. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील गावागावांतून पुजली जाणारी सातेरी ही देवी मूळ रूपात मूर्ती नाही. ती रोयण आहे. रोयण म्हणजे वारूळ, वाळवीने जमिनीखालची माती कण कण वर आणून उभारलेला ढिगारा. जुन्या सातेरीच्या गाभाऱ्यात दिव्याच्या उजेडात जे दिसते ते प्रथम साडीचे काठ आणि चांदीचा मुखवटा. डोळे अंधाराला सरावले की त्या मुखवट्यामागे तांबड्या मातीचा खडबडीत, बोटांएवढ्या उंचवट्यांचा आणि खोलगटांचा उभा आकार उमटू लागतो, आणि मग लक्षात येते की देवळाच्या भिंती या आकाराभोवती उभ्या केल्या आहेत. देवळासाठी देव घडवलेला नाही, देव जिथे उगवला तिथे देऊळ आले. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात वारूळ, रेणुका, सांतेरी म्हणजेच सातेरी आणि भूमीची प्रजननशक्ती यांचा जो संबंध उलगडला आहे, त्यावरून ही पूजा भूमीलाच माता मानणाऱ्या अतिप्राचीन श्रद्धेचा धागा आहे हे स्पष्ट होते. वारुळाचा पाण्याशीही संबंध आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्याविषयीचे दकार्गल नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात विशिष्ट झाडांजवळचे वारूळ ही जमिनीखालच्या पाण्याची एक खूण म्हणून सांगितली आहे. वाळवीला ओल लागते. ती ओल शोधत खाली जाते आणि ओली माती वर आणते. सातेरीच्या रूपाने त्या गावांनी जिची पूजा केली ती म्हणजे जमिनीखाली पाणी आहे याची वर उभी राहिलेली साक्ष, असे म्हणणे फारसे धाडसाचे होणार नाही.

येथे वेदान्ताचा आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. सर्वव्यापी तत्त्व एका ढिगाऱ्यात आहे असे म्हणणे म्हणजे त्याला मर्यादित करणे नव्हे काय? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात या आक्षेपाची दखल घेतली आहे. हृदयाच्या लहानशा पोकळीत ब्रह्म आहे असे उपनिषद का सांगते, या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की सर्वत्र असणाऱ्या तत्त्वाचे एका ठिकाणी चिंतन करण्याचा उपदेश केवळ उपासनेच्या सोयीसाठी असतो, जसे विष्णू सर्वत्र असूनही शालग्रामात त्याची उपासना केली जाते. हे उत्तर तर्कशुद्ध आहे आणि आजही सुशिक्षित हिंदू माणूस मूर्तिपूजेच्या समर्थनार्थ बहुधा हेच उत्तर देतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जागेची गरज उपासकाला आहे, देवाला नाही, आणि उपासकाचे मन स्थिर झाले की जागा गळून पडते. महाभारतात भूमीवरील तीर्थांबरोबरच मानस तीर्थांचा, म्हणजे सत्य, अहिंसा अशा मनातल्याच तीर्थांचा, जो विचार आला आहे, तोही याच दिशेने जातो. तीर्थ या शब्दाच्या मुळाशी तरून जाणे हा अर्थ आहे, तीर्थ म्हणजे नदी ओलांडण्याचा उतार. आणि उतार ओलांडला की त्याचे काम संपते.

सातेरीच्या बाबतीत हे लागू पडत नाही, कारण ती उपासकाच्या सोयीसाठी तिथे नाही. कुणी पुजले नसते तरी ते वारूळ तिथे वाढलेच असते. तिचे पावित्र्य हे देवाच्या अधिक दाट असण्याचे नाव नाही. माणसाच्या हक्काची हद्द जिथे येते तिचे ते नाव आहे. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे: डिचोली-पेडण्याच्या धर्मव्यवहारात जागा पवित्र आहे याचा अर्थ तिथे देव इतरत्रापेक्षा जास्त आहे असा नसून, तिथे माणसाने विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये असा आहे. सकाळी अंथरुणातून उठून जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी भूमीची क्षमा मागण्याचा जो श्लोक मराठी घरांतून मुलांना शिकवला जातो, त्यातही हाच भाव आहे. चालणे हे निष्पाप काम नाही, प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी अंगावर पडते, असे त्या श्लोकामागचे मन समजून चालते.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात जन्मलेले विचारवंत. त्यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांच्या स्थानांविषयी एक निरीक्षण नोंदवले आहे, ते येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते अनेक मातृदेवतांची आदिम स्थाने आजच्या गावांत नसून गावाबाहेर, प्राचीन पायवाटा जिथे एकमेकींना छेदत त्या ठिकाणी आहेत. शेती स्थिरावण्याआधी, भटकणारे लोकसमूह जिथे एकमेकांना भेटत, तिथे या देवतांची पहिली पूजा झाली असावी. कोसंबींचे क्षेत्रकार्य मुख्यतः पुण्याच्या परिसरातले, त्यामुळे ते जसेच्या तसे गोव्याला लावणे योग्य होणार नाही. तरी त्यातून एक शक्यता पुढे येते. ज्या देवतेला आज गावाची अचल माता समजले जाते, ती प्रथम वाटसरूंची देवता असू शकेल, आणि तसे असेल तर वाटेने जाणाऱ्याने तिच्यापुढे थांबणे ही रीत गावकऱ्याच्या पूजेहूनही जुनी ठरेल.

देवही प्रवास करतात, हे मात्र या प्रदेशाइतके ठळकपणे फार थोड्या ठिकाणी दिसते. कदंब राजांचे आराध्य असलेला सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरचा. बहामनी काळात त्याचे देऊळ पाडले गेले, विजयनगरच्या काळात ते पुन्हा उभे राहिले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणले गेले. हा भाग तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होता. १६६८ मध्ये, शके १५९० मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नार्व्याच्या देवळाचे काम सुरू झाले, अशी नोंद तिथल्या शिलालेखात आहे. तिसवाडी, बारदेश, साष्टी येथून असे किती तरी देव रात्रीच्या अंधारात होडीतून, कधी माणसाच्या डोक्यावरून, पलीकडच्या मुलखात गेले. डिचोली आणि पेडणे हे भाग पोर्तुगिजांकडे गेले ते थेट १७८१ ते १७८८ या काळात, म्हणून येथील देवळे त्या पहिल्या विध्वंसातून वाचली आणि आलेल्या देवांना थारा देऊ शकली.

शास्त्रात देवाच्या स्थलांतराची सोय आहे. आवाहन म्हणजे देवाला बोलावणे, विसर्जन म्हणजे निरोप देणे, आणि कलाकर्षण म्हणजे मूर्तीतील दैवी अंश मंत्राने काढून कलशात घेणे व नव्या जागी पुन्हा स्थापणे. चल मूर्ती आणि अचल मूर्ती असा भेदही केलेला आहे. परंतु नदी ओलांडणाऱ्या त्या होडीत मंत्रविधीला वेळ होता की नव्हता, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे, की स्थापित देव हलवता येतो आणि रोयण हलवता येत नाही. जी माणसे लिंग घेऊन पळाली ती वारूळ घेऊन पळू शकली नाहीत. मागे राहिलेल्या गावांत देऊळ गेले, वारूळ गेले, आणि त्याच्याशी बांधलेले ते विचारणेही गेले. उलट नव्या मुलखात आलेल्या थोर देवांच्या शेजारी तिथली सातेरी, गावदेव रवळनाथ आणि राखणदार आपापल्या जागी कायम राहिले. निर्वासित देवाला आसरा मिळाला, भूमीची मालकी मिळाली नाही, आणि ती त्याने मागितल्याचेही दिसत नाही. परक्या गावी राहायला आलेल्या सज्जन माणसाने जसे वागावे तसे हे देव वागले, असे म्हटले तर भाविकाला ते वावगे वाटू नये.

आता विचारण्याच्या रीतीकडे वळले पाहिजे, कारण सगळा प्रश्न तिच्यावर येऊन ठरतो. घर बांधणे, विहीर खणणे, झाड तोडणे, दूरच्या प्रवासाला निघणे, अशा कामाआधी देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे या शब्दाचा प्रमाण मराठीतील अर्थ तक्रार. येथे त्याचा अर्थ देवापुढे मोठ्याने मांडलेली विनवणी. गावाच्या वतीने बोलणारा माणूस आधी जागेच्या सर्व धन्यांची, म्हणजे सातेरी, रवळनाथ, राखणदार, पूर्वस आणि शिवेवरचे देव यांची, एकेक करून नावे घेतो, मग काम सांगतो, आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेली माणसे ‘होय म्हाराजा’ असे म्हणत त्यात आपला आवाज मिळवतात. कामाचे वजन मोठे असेल तर पुढे कौल घेतला जातो, ज्याला गोव्यात प्रसाद घेणे असेही म्हणतात. ओल्या पाकळ्या किंवा कळ्या देवतेच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतात आणि मग सगळे वाट पाहतात. साधारणपणे उजवी पाकळी आधी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. गाभाऱ्यात गर्दी असते, उकाडा असतो, समईचा धूर असतो. पाकळी ओली असेतो धरून राहते, कडेने सुकू लागली की किंचित वळते, आणि कधी अर्धा तास, कधी त्याहून अधिक काळ दहा-वीस माणसे एका पाकळीच्या कडेकडे पाहत उभी असतात. डावी पडली तर काम थांबते, निदान पुढे ढकलले जाते, आणि देवाला पुन्हा विचारण्याआधी आपले काय चुकले याची चर्चा सुरू होते.

या विधीकडे शकुन पाहण्याची अडाणी रीत म्हणून पाहणे सोपे आहे, आणि पाकळी पाण्याच्या बाष्पीभवनामुळे पडते हे सांगायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. परंतु त्यामागची रचना गंभीर आहे. जो प्रश्न विचारला जातो त्याला नकार मिळू शकतो, हे येथे आधीच मान्य केलेले असते. परवानगी मागणे आणि परवानगी मागितल्यासारखे करणे यांत जो फरक आहे तो एवढाच, आणि धर्माच्या इतिहासात तो फरक जितका पुसला गेला तितका क्वचितच दुसरा पुसला गेला असेल. आज कोणत्याही प्रकल्पाच्या आरंभी नारळ फोडून भूमिपूजन होते; पण त्या पूजेत भूमीने नाही म्हणावे अशी जागाच ठेवलेली नसते, कारण यंत्रे आधीच उभी असतात. डावी पाकळी नसलेले गाऱ्हाणे हे गाऱ्हाणे राहत नाही.

डिचोली तालुक्यात हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकांत वाढलेल्या आणि पुढे कित्येक पटींनी फोफावलेल्या लोहखनिजाच्या खाणींनी या तालुक्यातले डोंगर कापले. शिरगावात, जिथे लईराई देवीचे स्थान आहे, खाणींचे खड्डे जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. वारुळाने ज्या ओलीची साक्ष दिली होती तीच ओल नाहीशी झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले, आणि काही काळाने ते सुरू झाल्यावर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. न्यायालयाची भाषा वेगळी, पुरावे वेगळे. तरी गावाच्या जुन्या भाषेत सांगायचे तर फार उशिरा का होईना, डावी पाकळी पडली. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील ६३ मंत्रांच्या भूमिसूक्तात ऋषी भूमीला सांगतो की तुझे जे काही खणून काढू ते लवकर भरून येवो आणि आमच्या खणण्याने तुझे मर्म न दुखावो. खणूच नये असे तो ऋषी म्हणत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुळागरवालाही खणतो, पाट काढतो, माती हलवतो. ऋषीची विनंती मर्यादेविषयी आहे, आणि मर्म कुठे आहे हे खणणाऱ्याने एकट्याने ठरवायचे नाही, एवढीच सातेरीच्या रीतीने त्यात भर घातली आहे.

याच शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. देवी येथे कलशरूपात आहे, मोगरा तिचे फूल. व्रतस्थ भक्तांना धोंड म्हणतात. ते जत्रेआधी काही दिवस उपवास आणि सोवळे पाळतात, हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी धरतात, आणि उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जातात. दूरदूरच्या गावांतून, पेडण्यातून आणि पलीकडच्या सिंधुदुर्गातूनही, धोंड येतात. या चालण्याचा अर्थ पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे लावला आहे. येथे इतकेच नोंदवायचे, की ज्या पायाने भूमीवरून बेफिकीर चालण्याची सवय लागलेली असते, त्याच पायाला देवी वर्षातून एकदा सर्वांत कठीण अशी दहा-पंधरा पावले मोजून टाकायला लावते.

लईराईच्या कुळाची कथा या दोन्ही तालुक्यांना एका नात्यात बांधते. सात बहिणी आणि एक भाऊ या मुलखात आले. त्यांपैकी केळबाय मुळगावी राहिली, महामाया मये येथे, लईराई शिरगावी, मोरजाय पेडणे तालुक्यातील मोरजीला, आणि मिराबाय म्हापशाला गेली व पुढे मिलाग्रीस सायबीण झाली, म्हणजे ख्रिस्ती मंदिरातील माता मेरीच्या रूपात पुजली जाऊ लागली, असे लोक मानतात. मोगऱ्याची फुले आणि तेल यांची देवाणघेवाण ही या नात्याची खूण समजली जाते, आणि मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. देवता प्रवासाला निघाल्या आणि प्रत्येक जणी एका जागी थांबली. एकीने थांबताना धर्माची शीवही ओलांडली, तरी बहीणपण राहिले. परक्या जागी गेलेल्याने तिथला होऊन राहावे, याहून या कथेत काही वेगळे सांगितलेले दिसत नाही.

एवढे सगळे गौरवाने मांडल्यावर या व्यवस्थेची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेडणे आणि सिंधुदुर्गात ज्या व्यवस्थेला गावऱ्हाटी म्हणतात, म्हणजे देवस्थानाभोवती बांधलेली मानपानाची आणि सेवेची रचना, तिने प्रत्येक जातीला तिचे काम आणि तिची जागा नेमून दिली. देवळाच्या सेवेबद्दल नमशीच्या जमिनी दिल्या गेल्या, आणि त्या जमिनींनी सेवेकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामाला बांधल्या. शिवेवरच्या राखणदाराला रोट देण्याचा मान ज्या महार समाजाकडे होता, त्याला देवळाच्या गाभाऱ्यापासून मात्र दूर ठेवले गेले. भूमीची हद्द मानणाऱ्या रीतीनेच माणसांमध्ये हद्दी घातल्या, आणि त्या देवीच्या नावाने घातल्या. भूमीपुढे माणसाने नम्र व्हावे हा विचार आणि काही माणसांनी इतरांपुढे वाकावे ही सक्ती यांची गाठ सोडवल्याशिवाय या परंपरेचा वारसा सांगता येणार नाही. ही गाठ मूळ विचाराची नाही असे येथे मानले आहे. रोयणीने कुणाची जात विचारल्याचे कुठल्याच कथेत नाही. पण ती गाठ शतकानुशतके राहिली आणि तिचा जाच ज्यांनी सोसला त्यांना मूळ विचाराच्या शुद्धतेचा दाखला देऊन समाधान होणार नाही, हेही तितकेच खरे.

आजचा प्रवासी पेडण्यात उतरतो तो बहुधा मोपाच्या विमानतळावर, जो २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीसाठी सुरू झाला. मोपाचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार; असे सडे पावसाळाभर पाणी पितात आणि पायथ्याच्या झरींतून ते हळूहळू सोडतात, ज्यांच्यावर खालची कुळागरे आणि भातशेती जगते. धावपट्टीवरून बाहेर पडून किनाऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या तरी माथ्यावर उतरलो हे कळण्याचे काही साधन उरलेले नाही, आणि त्यात त्याचा दोष काढण्यातही अर्थ नाही. मुन्नारच्या घाटातल्या प्रवाशासारखाच तोही एका तयार दृश्यातून नेला जात असतो. त्याला सातेरीवर श्रद्धा ठेवायला सांगणे हास्यास्पद होईल. मात्र पाहुणा होण्यासाठी श्रद्धेची अट नाही. यजमान कुणीतरी आहे एवढे मान्य करणे पुरते, आणि घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर क्षणभर थांबण्याची जी सवय प्रत्येक समाजात आहे ती डोंगराच्या बाबतीतही पाळणे पुरते.

कोजागिरीच्या रात्री पेडण्याची पुनव भरते. तरंग, म्हणजे साड्या नेसवलेला, देवाचे प्रतीक असलेला उंच लाकडी खांब, घेऊन रवळनाथ आणि भूतनाथ बाहेर पडतात. भूतनाथाचा हट्ट असा सांगितला जातो, की आपले देऊळ एका रात्रीत उभे राहावे. तो हट्ट पुरा होत नाही म्हणून त्याचे तरंग रानाकडे धाव घेते, आणि मागोमाग धावणारी माणसे त्याला समजावून, वचन देऊन परत आणतात. हे दरवर्षी होते. देऊळ बांधण्याइतके दगड पेडण्यात आहेत आणि हातही आहेत, तरी इतक्या पिढ्यांत कुणी ते बांधलेले नाही. चांदण्यात माणसांची गर्दी रानाच्या कडेपर्यंत जाते, तिथे थांबते, गाऱ्हाणे घालते, आणि पहाटेच्या सुमारास तरंग पुन्हा गावात येते.